अम्मांच्या बोटाखालचा काठ

बदलापूरला लेकीच्या गॅलरीत उभं राहिलं, की नोव्हेंबर सरता सरता एके सकाळी कळतं, आली. थंडी आली. नदीकडून धुरकट पांढरा पडदा वर येतो, समोरच्या इमारतीचे खालचे दोन मजले नाहीसे होतात, आणि वरची माणसं जणू ढगावर कपडे वाळत घालत असतात. लेक आतून विचारते, "आई, माळ्यावरची गोधडी काढू का गं?" मी म्हणते, "काढ, पण आधी उन्हात टाक." गोधडी कठड्यावर पडते, तिच्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास निघतो, आणि माझा हात पहिल्यांदा जातो तो तिच्या काठाकडे. लोक मधली ठिगळं बघतात, हे आजीचं लुगडं, हा बाबांचा शर्ट. मी काठ बघते. गोधडी जाते ती काठाकडून जाते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हापासून मला कापड या वस्तूचंच नवल वाटायला लागलंय.

तुम्हाला खोटं वाटत असेल तर एक करा. हातरुमाल घ्या, साधा सुती. आडवा ओढा. ढिम्म. उभा ओढा. तेच. आता तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा बरं. लांबला की नाही? तोच रुमाल, तेच धागे, फक्त तुम्ही तिरपा ओढलात. शिंपी लोक या तिरपेपणाला उरेब म्हणतात. उरेब कापलेली पट्टी वळते. गळ्याला वळते, बाहीला वळते, गोधडीच्या गोल कोपऱ्याला अशी बिलगते, की जणू तिथेच विणली गेली होती. आणि आणखी एक गंमत. कापड हाताने टरकावलं तर सरळच फाटतं. तिरपं फाडून दाखवा कुणी! इतकी वर्षं मी चिंध्या टरकावत आले, पण हे कधी मनात आलं नव्हतं. तिरपी पट्टी कात्रीकडून मागूनच घ्यावी लागते.

मी कुठला शिलाईचा क्लास केला नाही. पोरींच्या फ्रॉकच्या गळ्याला सरळ पट्टी लावायचे, ती चुण्या पडून उभी राहायची, मी उसवायचे, पुन्हा लावायचे. एकदा कापड अपुरं पडलं म्हणून कोपऱ्याकोपऱ्यातून कापून जोडलं, आणि तो गळा असा बसला की मी मशीनवरचा हात काढून बघतच राहिले. यांना बोलावून दाखवला. हे म्हणाले, "बरा आहे." बरा आहे! माणसाला दर वेळी काय दाखवावं आणि कुणाला दाखवावं, तेही शिकावंच लागतं.

पण मला सांगायचंय ते उल्हासनगरच्या त्या हिवाळ्याचं.

कॅम्प चारमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या सिंधी वस्तीत, मी जायचे ती कातरणासाठी. तिथे गल्लोगल्ली शिलाईचे कारखाने, त्यांच्या दारात तुकड्यांची पोती, आणि पोत्यात हात घातला की कधी जीन्सचं जाड निळं, कधी मलमल. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरापासून रिक्षाने हाकेवर. तिथल्याच एका ब्लॉकमध्ये तळमजल्याला मोहिनी दादी राहायच्या. दादी म्हणजे आजी नव्हे हं, सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात. मी एकदा दुपारच्या उन्हात त्यांच्या पायरीवर टेकले आणि त्यांनी न विचारता पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला, एवढीच आमची ओळख. मग ती वाढतच गेली.

दादी सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांच्या घरात त्यांच्या अम्मा. नव्वदी कधीच ओलांडलेल्या, खाटेला खिळलेल्या, अंगाने इतक्या लहान झालेल्या, की पांघरुणाखाली कुणी आहे हे चटकन कळू नये. पांघरूण म्हणजे रल्ली. सिंधी गोधडी ती, अम्मांनी स्वतः तरुणपणी शिवलेली, लाल, पिवळ्या, काळ्या तुकड्यांची नक्षी आणि त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखा धावदोरा. अम्मांना दिसत फारसं नव्हतं, माणसं ओळखू यायची नाहीत. पण रल्लीचा काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून त्या घासत घासत पुढे सरकायच्या, हातभर झालं की परत यायच्या, आणि त्या येण्याजाण्यातच झोपायच्या. दादी सांगायच्या, "हमारी अम्मां तो ऐसेच सोती है. मी लहान होते ना, तेव्हापासून. पहले मेरे कान घासायची, मग रल्ली."

त्या बोटाने काठ खाल्ला होता. एका बाजूला तर आतली जुनी कापडं बाहेर आलेली, वरची पट्टी पार विरलेली. आणि त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती पट्टी सुटलीच. अम्मांचं बोट काठावर सरकायचं, भोकात शिरायचं, अडकायचं, आणि अम्मा रडायच्या. म्हणजे आवाज नाही, नुसतं तोंड वेडंवाकडं व्हायचं. झोप गेली. अम्मांची गेली म्हणून दादींची गेली. त्यांचे डोळे खोल गेले होते. चहात साखरेऐवजी मीठ घालून माझ्यासमोर ठेवला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी प्यायले. काय करणार?

दादींनी आधीच उपाय करून पाहिले होते. बाजारातून सॅटिनची तयार पट्टी आणून लावली. अम्मांनी दोन बोटांत धरली आणि पाल हाताला लागावी तशी झटकली. मग दादींनी आपली जुनी सुती सलवार कापून सरळ पट्ट्या जोडून लावल्या. त्या अम्मांनी धरल्या, सरकल्या, आणि जिथे दोन पट्ट्या जोडल्या होत्या तिथे आडवी गाठ लागली की थांबल्या. परत मागे. परत गाठ. कोपऱ्यावर तर चुण्यांचा डोंगर. दादींनी तेही उसवलं.

"अब एकच कपडा बचा है," त्या म्हणाल्या आणि पापडांच्या डब्यावरचं फडकं उचललं. गडद लाल, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. अम्मांच्या ओढणीचा शेवटचा तुकडा. बाकीची ओढणी रल्लीच्या त्या जुन्या काठातच गेली होती. म्हणजे अम्मांच्या बोटाची ओळख होती ती या कापडाशी! पण तुकडा केवढा, तर साधारण टेबलावर घालतो तेवढा चौकोन. आणि काठ केवढा, तर अख्ख्या रल्लीच्या चारी बाजू.

"शालन भाभी, तू मला खरं सांग. पुरेल? नाही तर राहू दे. बिगड़ गया तो अम्मां का कुछ नहीं बचेगा."

मी खरं सांगितलं, की मला माहीत नाही. फडकं हातात घेतलं तर जिऱ्यामिऱ्याचा वास आला. मी ते परत डब्यावर ठेवलं आणि म्हटलं, "हात लावू नका, मी वन्संना घेऊन येते."

वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, यमू वन्सं, मोरिवलीच्या. त्यांच्या घराच्या मागे कारखान्यांच्या भिंती आल्या, पुढचं शेत गेलं, पण वन्संची गोधडी चालूच. आमच्या आगरी बोलीत गोधडीला गोधरी म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि वर माझी नवी वस्तूही दाखवली. बाजारात शिलाई-सामानाच्या दुकानात मिळाली होती. बोटाएवढं पत्र्याचं नळकांडं, एका बाजूने रुंद, दुसरीकडून निमुळतं. रुंद तोंडात तिरपी पट्टी सरकवायची, मागून ओढत जायचं, की निमुळत्या तोंडातून ती दोन्ही कडा आत दुमडून बाहेर येते. लगेच इस्त्री फिरवायची. दुकानदार त्याला फोल्डर म्हणतो. मी पहिल्यांदा ओढली तेव्हा अंगावर काटा आला, खरं सांगते. चपटी गेली आणि घडी होऊन आली! मधे आत काय होतं ते दिसतच नाही.

वन्संनी ते नाकाजवळ नेऊन बघितलं. "यो तं चिमणीची चोच हाय गो. किती दिलंस याला?"

"ते राहू द्या. चांगलं आहे की नाही सांगा."

"चांगला हाय. पन म्हातारीचा कापर विरलेला. या लोखंडाच्या चोचीत घालशील नि वरशून इस्त्री फिरवशील, तं जल्ल्यासारखा हातात येल. मना बाय नको. माजा नख बरा." आणि त्यांनी पदराचं टोक धरून अंगठ्याच्या नखाने अशी घडी मोडली, की इस्त्रीने काय मोडावी.

घडीचा प्रश्न सुटला. पण पुरवायचं कसं? तिरप्या पट्ट्या एक एक कापल्या तर कोपऱ्यांकडच्या तोकड्या निघतात, जोड वाढतात, कापड वाया जातं. इथे मला फोन आठवला. मी शिवणाचं बघत असते म्हणून तो मला शिवणाचंच दाखवतो. त्यात एका परदेशी बाईंनी एका चौकोनातून एकच एक अखंड पट्टी काढली होती. त्यांची भाषा मला ओ की ठो कळली नाही, हात मात्र कळले. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापायचा, दोन त्रिकोण. ते उलटसुलट लावून शिवायचे, की चौकोन कलंडतो, पडायला आलेल्या भिंतीसारखा. त्याच्यावर लांब बाजूला धरून खडूने रेघा मारायच्या. मग त्याच्या दोन सरळ बाजू एकमेकींना शिवून नळी करायची. आणि मग रेघेवर कात्री लावून चालत राहायचं, नळीभोवती गोल गोल, संपेपर्यंत.

आधी जुन्या चादरीवर करून बघू म्हटलं. वन्संच्या ओटीवर बसलो. त्रिकोण झाले, जोडले, रेघा मारल्या. नळी करायची वेळ आली आणि मी टाचण्या लावायला लागले, तर वन्संनी माझा हात धरला. "ये, सरकलाय तो. टोकाला टोक भिरव."

"अहो, त्या बाईंनी थोडं सरकवलं होतं असं वाटतं."

"तिचा हात हलला आसल. गोधरीत टोकाला टोक नाय भिरला तं गोधरी तोंड वाकरा करते. माज्या आयशीनं मारलाय मना त्याच्याशाठी."

मी ऐकलं. टोकाला टोक भिडवलं, रेघेला रेघ बरोबर जुळवली, नळी काय सुबक झाली! कात्री लावली, एक फेरी पुरी झाली, आणि पट्टी सुटून माझ्या मांडीवर पडली. गोल. बंद. पुढची फेरी कापली, आणखी एक गोल. चादरीच्या बांगड्या झाल्या सगळ्या!

वन्सं बघत राहिल्या. मग एक उचलून त्यांनी मनगटात घातली. "घाल आता या बांगऱ्या गोधरीला! लगीन लाव तिचा!" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली, "काय झाला गो म्हातारे?"

हसून झाल्यावर मी ती बांगडी हातात घेऊन बसले. रेघ जिथून निघाली तिथेच परत आली, म्हणून गोल झाला. ती परत येताना शेजारच्या रेघेला जाऊन मिळाली असती तर? मी उरलेली नळी उसवली, एक रेघ सरकवून टाचली. एक टोक वर बाहेर लोंबायला लागलं, एक खाली. दिसायला अगदी चुकलेलं, वन्संना बघवेना. कात्री लावली. फेरी झाली, आणि कात्री आपल्या वाटेवर परत न येता पुढच्या वाटेला लागली. मग तिच्या पुढच्या. पट्टी सुटेचना. वाढतच चालली. ओटीवरून अंगणात उतरली.

वन्सं ओटीवरून उठल्या. त्यांनी अंगणातलं टोक उचललं, धूळ झटकली आणि हातावर गुंडाळायला लागल्या.

आता बाजारात तयार उरेब पट्टीची रिळं मिळतात, हवा तो रंग, मीटरवर. लेक म्हणते, "आई, कशाला एवढं करत बसतेस?" तिचं बरोबर आहे. तीही वापरते मी, पोरांच्या लाळेऱ्यांना उत्तम. पण एका रेघेएवढं सरकवल्यावर बंद कापडातून वाट निघते, हे जिने कुणी पहिल्यांदा शोधलं असेल, त्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल? बाईच असणार. तिने कुणाला बोलावून दाखवलं असेल? आणि तो काय म्हणाला असेल? थंडी पडली की हे माझ्या डोक्यात येतंच.

अम्मांचं फडकं विरलेलं असल्यामुळे तिरपं कापताना सुळसुळून वाकडं झालं असतं. वन्संनी त्याला भाताची पेज लावली, पातळ, गाळून, आणि सावलीत सुकवलं. कापड कागदासारखं शहाणं झालं. मी रल्लीभोवती सुतळी फिरवून माप घेतलं, पट्टी जितकी अरुंद चालेल तितकी धरली, रेघा आखल्या. दोनदा पुसल्या. शिवून नळी केली, एक रेघ सरकवून. मग दादींच्या पुढच्या खोलीत खाली सतरंजीवर बसले आणि कात्री हातात घेतली.

दादी दारात उभ्या होत्या. "मैं बाहर जाती हूं. मुझसे नहीं देखा जाएगा." गेल्या, आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत अम्मा जाग्या. बाहेर कारखान्यातल्या मशिनींचा घरघराट. वन्संनी समोर बसून नळी दोन्ही हातांनी ताणून धरली, लहान बाळाला अंघोळ घालताना दुसरीने धरावं लागतं तशी. मी रेघ सोडून दुसरीकडे बघितलं नाही. लाल पट्टी निघत गेली. जिऱ्याचा आणि पेजेचा वास मिसळलेला. नळी आखूड होत गेली, बाहीएवढी झाली, पाटलीएवढी झाली, आणि शेवटी वन्संच्या हातात काही उरलं नाही. सगळं कापड सतरंजीवर, एकच एक. त्यात सांधे होते, पण सगळे तिरपे.

खिडकीतून दादी म्हणाल्या, "हो गया? फाटलं तर नाही?" वन्संनी नुसतं टोक वर करून दाखवलं.

मग नखाने घडी मोडणं आणि शिवणं. मशीन नाही, हाताने तुरपाई, तिघीजणी तीन बाजूंना. मी चुण्या पडतील म्हणून कोपऱ्यांना घाबरले होते, तर बघते काय, रल्लीचे कोपरे चौकोनी राहिलेच नव्हते. इतक्या वर्षांच्या घासण्याने ते गोल झाले होते, एकदम एकसारखे, ताटली ठेवून आखावेत तसे. कुणी आखले? अम्मांच्या बोटानेच ना! पट्टी तिथे पोचली आणि हळूच वळली. मी ताणलंही नाही. दादी रल्लीवर वाकून शिवत होत्या, टाके मोठे पडत होते, वन्सं त्यांना म्हणत होत्या, "बारीक घाल गो बाय, म्हातारीचा बोट लय हुशार हाय." दादींना आगरी कळत नव्हतं, पण त्या टाके बारीक घालायला लागल्या. सरळ पट्टीत काठावरचा एकच धागा सगळा घासा सोसतो आणि एके दिवशी तुटतो. तिरप्या पट्टीत धागे पाळीपाळीने काठावर येतात, जरा वेळ सोसतात आणि आत निघून जातात. हे मी शिवता शिवता दादींना सांगत होते, पण त्या ऐकत नव्हत्या. आतल्या खोलीकडे त्यांचा कान होता.

पेज निघावी म्हणून रल्ली धुतली. गच्चीवर हिवाळ्याच्या उन्हात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पुन्हा गेलो, जेवणंबिवणं उरकून, कारण दादींनी निरोप धाडला होता, मी एकटी घालणार नाही तिच्या अंगावर.

उन्हाचा वास भरलेली रल्ली दादींनी अम्मांवर पसरली. काठ गळ्यापाशी आणून सोडला आणि पायथ्याशी खुर्चीवर जाऊन बसल्या. अम्मांचा हात बाहेर आला. काठ सापडला. अंगठा आणि बोट त्यावर मिटले आणि थांबले.  वन्संनी माझा दंड धरला, अजून आठवला की दुखतो. अम्मांचं तोंड हललं. वेडंवाकडं होतंय की काय, असं वाटलं. मग बोट हललं. पुढे गेलं. पहिला तिरपा सांधा आला, मला दिसत होता, बोटाला जेमतेम कळला असेल, जरा हळू झालं आणि वरून निघून गेलं. दुसरा आला. तोही गेला. मग कोपरा. अम्मांचं मनगट वळलं, आणि बोट न थांबता वळणावरून पलीकडे उतरलं. काठ संपत नव्हता. त्या परतल्या नाहीत. जितका हात पोचत होता तितक्या पुढे गेल्या, मग दुसऱ्या हाताने रल्ली आपल्याकडे ओढून घेतली, पुढचा काठ बोटात धरला आणि चालत राहिल्या.

अम्मा त्यानंतर आणखी दोन हिवाळे होत्या. पण त्या दुपारी त्या झोपल्या नाहीत हं. आम्ही बघत होतो, डोळे उघडे होते, बोट चालू होतं, आणि चेहरा असा, की कुणीतरी त्यांना काही सांगतंय आणि त्या ऐकताहेत. मी वळून म्हणाले, "मोहिनी दादी, बघा बघा, जमलं..."

वन्संनी मला कोपराने ढोसलं. दादी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, एक हात अम्मांच्या पावलावर राहिलेला. किती दिवसांची ती झोप, एका क्षणात येऊन पडली होती. बाहेर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवला, तरी पापणी लवली नाही.

"अगं बाई," मी म्हटलं, मोठ्यानेच म्हटलं असणार. आणि अम्मांचं बोट थांबलं. ज्या अम्मांना माणसं ओळखू येत नव्हती, त्यांनी मान आमच्याकडे वळवली, आणि दुसरा हात रल्लीतून काढून हवेत धरला, तळवा खाली, पाळण्याजवळ कुणी बोललं की आया धरतात तसा. डोळ्यांनी आम्हाला दाराकडे दाखवलं. मग हात परत खाली गेला आणि बोट पुन्हा सरकायला लागलं.

आम्ही चपला हातात घेतल्या आणि दार न वाजवता ओढून घेतलं.